चित्र आकाशापाशी येऊन थांबते

खडूफळा

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत १४ वर्षांपासून चित्रकला शिकवते. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) पूर्ण झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी वाईच्या आणि मेणवलीच्या घाटांवर जाऊन जलरंगात निसर्गचित्रे करण्याचा माझा परिपाठ होता. गेल्या पावणेदोन वर्षांत मात्र माझ्या हातून एकही चित्र पूर्ण झालेले नाही. कागद बोर्डावर ताणून बसवते, पेन्सिलीने मोजकी रेखाटणी करते, आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, देते आणि तो वाळेपर्यंत पुढचे सगळे चित्र मनातल्या मनात बिघडून गेलेले असते. मग ब्रश धुऊन ठेवते.

कारणाचा थोडा अंदाज मला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीसाठी मी वर्षभर मुलांची वस्तुचित्रे तपासत असते. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल चुकला, सावली उजेडाच्या बाजूला पडली, वस्तू कागदाच्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या, हे माझ्या डोळ्याला आता न शोधताही दिसते. तीच नजर माझ्या स्वतःच्या कागदावर, तेही रंग ओला असतानाच, येऊन बसते.

एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मोबाइलवरील ॲप लावून रोज सकाळी १० मिनिटे श्वासाकडे लक्ष देण्याचा प्रयोग मी दोन महिने केला. डोके शांत झाले, हे खरे. पण शांत डोक्यानेही मी आकाशापाशीच थांबले. म्हणून विचारते : ध्यान वेगळे आणि चित्र वेगळे असे न करता, प्रत्यक्ष रेखाटण्यातच सजगता आणणारा एखादा सराव कोणी नेटाने केला आहे का? आणि त्यातून पुढे खरोखर चित्रे झाली का, की केवळ मन रमले?

सावकाश

ताई, आपण कारण इतके नेमके मांडले आहे की उपायही त्याच कारणाला धरून सुचवतो. ज्या चित्राला गुण देताच येणार नाहीत, असे चित्र रोज करावे.

न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलायडिस यांचा बाह्यरेषेचा एक सराव प्रसिद्ध आहे. त्यांचे निधन १९३८मध्ये झाले आणि त्यांची शिकवण्याची पद्धत १९४१मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आली. वस्तूच्या कडेवर नजर ठेवायची, पेन्सिलीचे टोक कागदावर नसून त्या कडेलाच टेकले आहे असे मानायचे आणि तो स्पर्श मनाला पटल्यावरच नजर व हात एकाच गतीने पुढे न्यायचे. कागदाकडे पाहायचे नाही. आपण हा प्रकार कदाचित विद्यार्थिदशेत पाच मिनिटांचा खेळ म्हणून केला असेल आणि वेडावाकडा चेहरा पाहून सगळा वर्ग हसला असेल. पाच मिनिटांत तो खेळच राहतो. २० मिनिटे एकाच वस्तूवर, भिंतीवरून मुंगी चालावी इतक्या सावकाश केला, तर त्याचे स्वरूप पालटते.

वस्तू निवडताना तांब्या, पेला, चेंडू यांना हात लावू नका. ज्यांचे ‘बरोबर’ रूप आपल्याला पाठ आहे, त्या वस्तू पाहण्याआधीच हात त्यांचे पाठ केलेले चिन्ह काढून मोकळा होतो. मी आल्याचा तुकडा घेतो. आल्याला अमुक एक योग्य आकार नसतो. गाठ कुठे फुटावी, साल कुठे सुरकुतावी याचा कोणताही नियम परीक्षकाच्या हाती लागत नाही. सहाव्या-सातव्या मिनिटाला कंटाळा येतो, मन घरखर्चाकडे किंवा शाळेकडे जाते आणि हात आपोआप वेग घेतो. वेग वाढला हे लक्षात येणे, थांबणे आणि जिथे नजर सुटली त्याच सुरकुतीवर परत येणे, एवढेच काम आहे. श्वासाकडे परत येण्यापेक्षा हे मला सोपे वाटते, कारण श्वास दिसत नाही आणि आले समोर असते.

संपल्यावर मागे तारीख घालून कागद पालथा ठेवावा. निदान महिनाभर मागचे कागद पाहू नयेत. फोटो काढून कोणाला पाठवणे तर दूरच.

बोरूबहाद्दर

माझा चित्रकलेशी संबंध नाही, सुलेखनाचा नाद आहे; त्यामुळे अधिकाराने काही सांगत नाही. मोडी लिहिताना अक्षरांच्या आधी संपूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून घेतात आणि मग त्या रेघेखाली, लेखणी शक्य तितकी कमी उचलत, अक्षरे लिहीत जातात. मी बोरूने (टोक छिलून केलेल्या लेखणीने) फक्त ती पहिली रेघ ओढतो. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका उच्छ्वासात. हात कुठे अडखळला ते शाई लपवत नाही आणि रबर चालत नाही, म्हणून लक्ष हलले की लगेच कळते. अशा ३० रेघा झाल्या की त्या दिवशी अक्षर लिहिले नाही तरी चालते. आपल्याकडे फळ्यावर लिहिण्याचा हात तयार असेलच, तेव्हा करून पाहा.

पाव इंपीरियल

वरील दोन्ही सराव चांगले आहेत, परंतु माझे मत थोडे निराळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो.

प्रत्येक खंडाला अडथळा म्हणण्याची घाई आपण का करतो? नागपुरात १९२४मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे झेन विचाराकडे ओढले गेलेले चित्रकार होते आणि वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करीत. रंग लावण्याच्या वेळेहून कॅनव्हाससमोर नुसते बसण्याचा वेळ त्यांच्याकडे कितीतरी मोठा होता. १९८४मधील अपघातानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास बाजूला राहिले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान कामे केली. आज ती कामे कोणी ‘सराव’ म्हणून बाजूला काढीत नाही. सजगतेचाही तक्ता करून रोजच्या २० मिनिटांवर बरोबरची खूण करू लागलात, तर ताई, तुमच्यातील परीक्षकाला आणखी एक विषय मिळेल, एवढेच.

दुसरे म्हणजे, तुमच्या तक्रारीत मनाइतकाच माध्यमाचाही भाग आहे. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरा रंग हाच उजेड असतो आणि एकदा झाकला की तो पुरता परत मिळत नाही. म्हणून आकाशाचा वॉश वाळत असताना पुढचे सगळे निर्णय एकदम अंगावर येतात. ही भीती खोटी नाही, ती या माध्यमाच्या स्वभावातच आहे. तेलरंगात मी तीच भीती खरवडून टाकू शकतो, तुम्हाला ती सोय नाही. तेव्हा कागदाचा आकार कमी करा. २२ × ३० इंचांच्या पूर्ण इंपीरियल कागदाचे १६ तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा साडेपाच बाय साडेसात इंचांचा होतो आणि एक बिघडला तरी १५ उरतात. रंग दोनच घ्या, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. या दोघांच्या मिश्रणातून थंड निळसर करड्यापासून उबदार तपकिरी करड्यापर्यंत छटा मिळतात. हिरवा कोणता लावावा हा प्रश्नच उरत नाही, आणि निसर्गचित्रात निम्मी घालमेल हिरव्याची असते! मग तो वॉश वाळताना पुढचा बेत न करता केवळ वाळणे पाहा. कडेला रंग कसा गोळा होतो, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत कसे बसतात, ओली चकाकी कुठून आधी जाते. तुम्ही जिथे थांबता तिथेच हा सराव आहे. त्यासाठी आल्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, गैरसमज नसावा. चित्रांबरोबर झोप, भूक आणि माणसांत मिसळणेही थांबले असेल, तर तो प्रश्न ब्रशचा नाही. त्यासाठी डॉक्टरांना भेटावे.

खडूफळा

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. झोप आणि भूक उत्तम आहे, काळजी नसावी.

आल्याचा सराव २६ दिवस झाला. मध्ये सहामाही परीक्षेचे पेपर तपासायचे असल्याने खंड पडला. पहिल्या आठवड्यात मी चोरून कागदाकडे पाहत होते, हे कबूल करते. ‘सावकाश’ यांनी सांगितलेला कंटाळा मला सहाव्या मिनिटाऐवजी तिसऱ्यालाच येई. नवव्या की दहाव्या दिवशी एका सुरकुतीवरून जाताना शाळेची घंटा झाली आणि ती मला ऐकूच आली नाही. शिपाईमामांनी दारात येऊन हाक मारली. रेघ मात्र त्या दिवशीही बेढबच होती.

‘पाव इंपीरियल’ यांचा तक्त्याबद्दलचा टोला बरोबर लागला, कारण मी खरोखरच वहीत रकाने आखले होते. ते पान फाडले. दोन रंगांचे आणि लहान कागदाचे म्हणणेही पटले, फक्त आले सोडावे हे पटले नाही. नुसता वॉश वाळताना पाहायला बसले की मी पुन्हा घाटाच्या पायऱ्यांचे कोन मोजू लागते. आधी २० मिनिटे आल्यावर घालवली, तरच तो वॉश मला नुसता पाहता येतो. दोन्हींचा क्रम महत्त्वाचा आहे, निदान माझ्यासाठी.

गेल्या रविवारी मेणवलीला गेले होते. घाट, मंदिर, पलीकडचा काठ असे नेहमीचे दृश्य घेतले नाही. पायऱ्यांच्या दोन दगडांमधील सांध्यात शेवाळ आणि चिखल साचतो, तेवढाच भाग तीन तुकड्यांवर केला. दोन फसले. तिसऱ्यात आकाश नव्हतेच, त्यामुळे त्यापाशी थांबण्याचा प्रश्न आला नाही, हे घरी आल्यावर लक्षात येऊन हसू आले. पूर्ण आकाराचे निसर्गचित्र अजून झालेले नाही आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी ते करायलाही बसणार नाही.

‘बोरूबहाद्दर’ यांना एक विचारायचे आहे. बोरू आणला, पण माझी आडवी रेघ जाड आणि उभी अगदी बारीक येते. काप चुकला आहे का?

बोरूबहाद्दर

काप चुकला असेल किंवा धरण्याचा कोन. टोकाची सपाट कड ओळीशी साधारण ४५ अंशांत बसली, तर शिरोरेघ आणि काना सारख्याच जाडीचे उतरतात. तुमची कड बहुधा उभी राहते आहे. आधी कागद किंचित फिरवून पाहा, आणि तरीही जमले नाही तरच चाकू लावा. बोरू दर वेळी छिलल्यावर आखूड होतो.