मांजरीला विचित्र वास येतोय, पण मासळीचा नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची भुरी नऊ वर्षांची आहे. पडवीत वाढली, पण रात्री माझ्या पायाशी झोपते. गेले दोन-अडीच महिने तिला एक वास येतोय आणि घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: "मासे खाते, वास येणारच."

आम्ही हर्णैजवळ राहतो. बंदरावरचा लिलाव, खळ्यात वाळत घातलेले बोंबील, डब्यातला जवळा, या वासांतच आमचा जन्म गेला. ताजा बांगडा, बर्फात दोन दिवस राहिलेली सुरमई, पावसाळी हवेत सादळलेली सुकट, मी डोळे मिटून ओळखेन. हा वास त्यातला नाही. शिवाय तो सुरू झाला आषाढात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात ताजी मासळी औषधालाही नव्हती. भुरी तेव्हा भात, अंडं आणि दुकानातले कोरडे दाणे खात होती. नारळी पौर्णिमेनंतर मासळी पुन्हा यायला लागली, वासात काडीचाही फरक नाही. मग मासळीवर ढकलून गप्प कशी बसू?

वास सांगायचा तर कुजकट, बरेच दिवस न बदललेल्या जखमेच्या पट्टीसारखा. छातीला आणि पुढच्या पंजांना जास्त येतो, शेपटीकडे जवळजवळ नाही. पंजे कायम ओलसर. पाठीवरचे केस मात्र राठ झालेत, गुंते होतात, पूर्वी असं नव्हतं. ताटली ठेवली की धावत येते, हुंगते, मान वाकडी करून दोन घास खाते आणि निघून जाते. सगळे म्हणतात लाडावली आहे. न्हाणीतल्या बादलीवर मात्र सारखी असते.

गणपतीत पाहुणे येणार म्हणून एकदा तिला जंतुनाशकाच्या पाण्याने आंघोळ घातली, ते पाण्यात ओतलं की दुधी होतं ते. बिचारी दिवसभर थरथरत होती आणि दोन दिवसांत वास परत आला. आता सासूबाई म्हणतात खोबरेलात कापूर घालून चोळूया. दापोलीला डॉक्टरांकडे नेणारच आहे, पण पिशवीत घातलं की ती घाबरून अर्धी होते. वास नेमका कुठून येतोय हे आधी घरी कसं बघायचं? आणि कापूर लावू का?

प्रतिसाद

ताई, कापूर अजिबात लावू नका, आणि ते दुधी पाणीही पुन्हा नको. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं आणि फिनॉलच्या जातीची द्रव्यं तिच्या यकृताला माणसासारखी निपटता येत नाहीत. फरशीला काळं फिनाईल लावत असाल तर तेही थांबवा. दुखतंय असं वाटून पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावतं.

मी काही वर्षं पशुवैद्यकांकडे मदतनीस होतो, म्हणून सांगतो. कापसाचा वेगवेगळा बोळा घेऊन कानाच्या तोंडाशी, हनुवटीखाली, पाठीवर, शेपटीखाली फिरवा आणि एकेक हुंगा. कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली तर गोचिडीपेक्षा कितीतरी बारीक किडे असतात, ते समजा. कानाला नुसता आंबूस वास आला तर बहुतेक बुरशी. शेपटीखाली दोन ग्रंथी असतात, त्यांचा स्राव खरोखर सडक्या मासळीसारखा, थोडा लोखंडासारखा येतो, आणि मांजर घाबरलं की अचानक सुटतो. पण तुम्ही म्हणता तिकडे वास नाही. मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि मागून घाण स्राव येत असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, मग एक दिवसही थांबायचं नाही.

मला तुमच्या वर्णनावरून तोंड वाटतं. मान वाकडी करून खाणं, ओले पंजे. लाळ गळते, त्याच लाळेने ती पंजे आणि छाती चाटते, म्हणून वास अंगाचा वाटतो. ओठ हळूच वर करून मागच्या दाढा बघा. श्वासाला लघवीसारखा झोंबणारा वास येतोय का तेही बघा, तो मूत्रपिंडाकडे बोट दाखवतो. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा गोडसर आला तर मधुमेह बिघडलेला, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर. पाणी जास्त पिते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रतिसाद

आमच्या बोक्याचं सांगते. गावभर मारामाऱ्या करायचा. एकदा गालफडाला सूज आली, आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली. चौथ्या दिवशी माजघरात उभं राहवेना इतका वास. दुसऱ्या बोक्याचा सुळा लागलेला, वरून भोक मिटलं आणि आत पू झाला. पावसाचे दिवस, फुटलेल्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. वाचला, पण आम्ही तीन दिवस वाया घालवले याचं अजून वाईट वाटतं. तेव्हा भुरीचे केस बाजूला करून कातडीही तपासा, विशेषतः मान आणि शेपटीचं मूळ. आणि बोके पाळणाऱ्यांनी वाचत असाल तर लक्षात ठेवा, बोका सारखा बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. बोळे फिरवून बघितले. कान स्वच्छ, शेपटीखाली काही नाही, हनुवटीखालचा बोळा नाकाजवळ नेववेना. ओठ वर केला तर वरची मागची दाढ पिवळ्या-तपकिरी थराखाली दिसतच नव्हती आणि भोवतीची हिरडी लालभडक. ती लाडावलेली नव्हती हो. भूक लागलेली होती आणि चावता येत नव्हतं. हे कळलं तेव्हा मला रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी दापोलीला नेलं. टोपलीवर जुनी साडी बांधली, आत माझा वापरलेला ब्लाऊज ठेवला, रिक्षात फार ओरडली नाही. दाढेच्या मुळाशी पू आहे, ती काढावी लागेल. पण भूल द्यायच्या आधी रक्त तपासायचं, कारण वय आणि पाणी पिणं. वजन भरलं २ किलो ९०० ग्रॅम. तोवर खारवलेली सुकी मासळी बंद, मऊ शिजवलेलं द्यायचं. सासूबाईंनी स्वतःहून तिच्यासाठी कोंबडीचं बिनमिठाचं पाणी काढलं, पेज करतो तसं भात घालून. तेवढं खाते.

रक्ताचा रिपोर्ट आला की लिहीन. आता अडलंय ते गोळीपाशी. रोज दोन वेळा अँटिबायोटिक द्यायची आहे. उकडलेल्या बांगड्याच्या तुकड्यात लपवली तर मासा खाऊन गोळी तेवढी जमिनीवर ठेवते. तोंड दुखत असताना जबडा उघडायचा मला धीर होत नाही. तुम्ही कशी भरवता? कुटून दिलेली चालते का हे डॉक्टरांना उद्या विचारणारच आहे, पण आज रात्रीची गोळी अजून बाकी आहे.