जास्वंदीची बियांपासून केलेली रोपं तीन आठवडे आहे तेवढीच आहेत, काय करू?

गोदाकाठ (नाशिक), ४ जानेवारी

नमस्कार. आधी सगळं सविस्तर सांगते, कारण चूक कुठे झाली ते मला खरंच शोधायचं आहे.

आमच्या बाल्कनीत एक पिवळी संकरित जास्वंद आहे, मध्ये तांबडा डोळा असलेली. सिन्नरच्या घरी सासूबाईंची जुनी गुलाबी आहे. श्रावणात तिकडे गेले होते तेव्हा गुलाबीची दोन फुलं ओल्या रुमालात गुंडाळून आणली आणि त्यांचे परागकण पिवळीच्या फुलाच्या टोकावरच्या पाचही लाल ठिपक्यांना लावले. सकाळी नऊच्या आत, फूल पूर्ण उमललेलं असताना. अशी अकरा फुलं केली. दहा देठासकट गळली, एक राहिलं. त्याच्या हिरव्या वाटीत बोंड फुगायला लागलं तेव्हा मी आईंना (सासूबाईंना) फोन करून सांगितलं. त्या ८१ वर्षांच्या आहेत. जन्मभर जास्वंद फांदी खोचून लावली, तिला बी येतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

साधारण आठ आठवड्यांनी बोंड तपकिरी झालं. तडकून बिया सांडू नयेत म्हणून वर जाळीची छोटी पिशवी बांधली होती. आत पाच कप्पे, एकूण १७ बिया, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, बारीक लव असलेल्या. नेलकटरने प्रत्येकीच्या सालीला जरासा टवका काढला, रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि १ नोव्हेंबरला कागदी कपांत अर्धा सेंटीमीटर खोल लावल्या. कपांवर १ ते १७ आकडे घातले. सहाव्या ते बाराव्या दिवसात आठ रुजल्या.

त्यातली दोन रोपं मातीलगत मानेशी बारीक होऊन आडवी पडली. एकाच्या डोक्यावर सालीची टोपी अडकली होती. ती मी ओढली आणि बीजपत्रंच तुटून हातात आली. अजून वाईट वाटतं. उरली पाच: २, ५, ९, ११, १६.

२ आणि ११ चार इंच आहेत, सहा-सहा पानं. ५, ९ आणि १६ मात्र दोन बीजपत्रं आणि एक नखाएवढं खरं पान यावर थांबलीत, गेले तीन आठवडे. पान फिकट पिवळं, शिरा हिरव्या. माती म्हणजे अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं गांडूळखत, वर मूठभर लाल माती. पूर्वेची खिडकी, ऊन सात ते साडेनऊ. रोज सकाळी उठल्यावर पाणी घालते. १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं खत) लिटरला पाव चमचा असं दोनदा दिलं. अजून द्यावं का? की मोठ्या कुंडीत हलवावीत?

निफाडचा मळा, ४ जानेवारी

ताई, खत राहू द्या. रात्री किती अंश असतं तुमच्याकडे ते सांगा.

गोदाकाठ, ४ जानेवारी

बाल्कनीत तापमापक आहे. परवा पहाटे ९ होतं. कप खिडकीच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर आहेत, काच रात्री थोडी उघडी असते.

निफाडचा मळा, ५ जानेवारी

मग तिथेच उत्तर आहे. आमच्याकडे द्राक्षाला या दिवसात मणी फुगायचा थांबतो. रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सोडतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. द्राक्षवेल निदान थंडी काढते, जास्वंद उष्ण प्रदेशातली. पंधराच्या खाली ती वाढ थांबवते, दहाच्या खाली मुळं पाणीसुद्धा धड उचलत नाहीत. ग्रॅनाइट तर रात्रभर गारवा धरून ठेवतं आणि कागदी कप तो थेट मुळांना देतो.

संध्याकाळी पाचला कप घरात घ्या. फ्रिजच्या वर पाठीमागच्या बाजूला ऊब असते, तिथे ठेवा. सकाळी ऊन आलं की परत खिडकीत, पण खाली थर्माकोल किंवा जाड पुठ्ठा. पाणी अकरानंतर, हाताला कोमट लागेल असं. आमच्या आजोबांनी ऐन पौषात मिरचीचं रोप असंच जगवलं होतं, चुलीच्या भिंतीला लागून.

साधा माणूस, ५ जानेवारी

एवढा खटाटोप कशाला? नर्सरीत शंभर-दीडशे रुपयांत फुलासकट कुंडी मिळते. बीपासून आलेलं फूल आईसारखं निघत नाही, बापासारखंही नाही. वर्ष-दीड वर्ष थांबून साधंच फूल आलं तर?

गोदाकाठ, ५ जानेवारी

दादा, आईसारखं निघणार नाही हे माहीत आहे, म्हणूनच तर लावलं. सिन्नरचं झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेलं आहे. तिथे आता रस्ता रुंद होणार आहे आणि कुंपण आत येणार आहे. फांदी खोचून तेच झाड मिळेल आणि तेही मी करणार आहे. पण त्या झाडाचं काहीतरी नवीन, आधी कुणी न पाहिलेलं, आमच्या घरी फुलावं असं मला वाटतं. साधं आलं तरी ते गणपतीला चालेल.

कर्वेनगरची गच्ची, ६ जानेवारी

निफाडच्या दादांचं बरोबर आहे, पण गारठा हे अर्धंच कारण वाटतंय. उरलेलं अर्धं रोजच्या पाण्यात आहे.

कोकोपीट वरून कोरडं दिसतं तेव्हा आत चिंब असतं. त्यात निम्मं गांडूळखत म्हणजे अंगठ्याएवढ्या रोपासाठी फार जड. एक करून बघा, ताई. कप उचला. पाणी घातल्यावरचं वजन हाताला ओळखीचं करून घ्या आणि निम्मं हलकं लागेपर्यंत पाणी घालू नका. या थंडीत चार-पाच दिवससुद्धा लागतील. कपाला तळाशी भोकं आहेत ना? नसतील तर आजच सुईने पाच-सहा पाडा.

पिवळं पान आणि हिरव्या शिरा म्हणजे लोह कमी. पण मातीत लोह नाही असा त्याचा अर्थ नेहमी नसतो. मूळ गार आणि ओलं असलं की समोर असलेलं लोहही त्याला घेता येत नाही. तिथे खत घातलं तर क्षार साठून मुळांची टोकं जळतात. दोन नवी पानं येईपर्यंत १९:१९:१९ बंद.

मोठी कुंडी तर अजिबात नको. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते, एवढंसं मूळ ती सुकवू शकत नाही.

कपाभोवती चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या दिसतात का? त्यांच्या अळ्या ओल्या गांडूळखतात वाढतात आणि केसासारखी मुळं खातात. मला हे कळायला एक अख्खी तुकडी गमवावी लागली. वर सेंटीमीटरभर धुतलेली कोरडी रेती पसरा आणि पाणी खालून द्या: बशीत पाणी, त्यात कप वीस मिनिटं, मग काढून निथळत ठेवा. मानेशी बारीक होऊन पडलेली तुमची दोन रोपं बुरशीने गेली. तिलाही वरची ओलच लागते.

आणि टोपीसाठी: ओढायची नाही. कापसाचा ओला बोळा रात्रभर वर ठेवायचा, सकाळी ती स्वतः निसटते. माझ्याही हातून दोन तुटली आहेत.

गोदाकाठ, ६ जानेवारी

माश्या आहेत! मला वाटलं केळ्यांमुळे आल्यात. आज रेती आणते.

गोदाकाठ, २२ फेब्रुवारी

कळवायला उशीर झाला. फ्रिजवरचा मुक्काम, रेती, बशीतलं पाणी, सगळं केलं. पहिले दोन आठवडे काहीच हललं नाही, रोज उठून पानं मोजत होते. जानेवारी संपताना ५ नंबरला मधोमध हिरवा ठिपका दिसला आणि आता त्याला चार पानं आहेत, चांगली हिरवी. ९ गेलं. उपटून पाहिलं तर मूळ तपकिरी, बोटांनी चिमटलं की साल मोज्यासारखी निसटून येत होती. १६ जिवंत आहे. मूळ पांढरं दिसतंय, माश्या नाहीत, ऊब आहे, तरी दीड इंचावरच आहे, एकच नवं पान. २ आणि ११ सहा इंचांच्या कुंडीत गेली. १६ चं काय करू?

कलमवाला (वेंगुर्ले), २३ फेब्रुवारी

ताई, मी आंबा-काजूच्या रोपवाटिकेत बावीस वर्षं कलमं बांधतो आहे. जास्वंद हा माझा घरचा नाद.

१६ नंबरची काळजी घेऊन बरं होईल असं मला वाटत नाही. तुमचं काही चुकलेलंही नाही. संकरित जास्वंदीच्या बियांत अशी पोरं निघतातच. त्यांचं पान चांगलं असतं, फूल कधीकधी सगळ्यांत देखणं असतं, पण स्वतःचं मूळ दुबळं असतं. लोक त्यांना टाकून देतात, ते मला पटत नाही. मूळ दुबळं असेल तर दुसऱ्याचं द्यावं.

ते कसं, सांगतो. देवाला वाहतो त्या देशी लाल जास्वंदीला सहसा बी धरत नाही, पण तिच्या मुळासारखं चिवट मूळ नाही. तिच्या पेन्सिलीहून बारीक फांद्या आत्ताच पिशव्यांत खोचून ठेवा. पावसापर्यंत त्या मुळं धरतील. १६ चं खोड काडेपेटीतल्या काडीएवढं झालं आणि हवा दमट झाली की त्याचा दोन इंचांचा शेंडा घ्या. खाली दोन पानं ठेवून कापा, म्हणजे कलम फसलं तरी रोप राहील. शेंड्याची पानं निम्मी छाटा. खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा, लाल फांदीला मधोमध तेवढीच चीर द्या आणि बसवा. शेंडा बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवून साल सालीला भिडवा. मध्ये बसवलं तर ते चिकटत नाही. नव्या लोकांची निम्मी कलमं इथेच मरतात. ब्लेड नवं घ्या, कापल्यावर बोट लावू नका. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर पेप्सीकोल्याची रिकामी पिशवी टोपीसारखी घाला. तीन आठवडे सावलीत.

गोदाकाठ, २४ फेब्रुवारी

काका, हे वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू. आज सिन्नरहून देशी लालच्या सहा फांद्या आणल्या. आईंनी स्वतः कापून दिल्या.

गोदाकाठ, ९ ऑगस्ट

सहापैकी चार फांद्यांनी मुळं धरली. १२ जुलैला १६ चा शेंडा बांधला, हात थरथरत होता. आठवड्याने छाटलेली पानं गळली तेव्हा गेलं असंच वाटलं, पण शेंडा हिरवा होता म्हणून हात लावला नाही. काल टोपीच्या आत कोंब वाकून दाबला जात होता, म्हणून टोपी काढली. दोन नवी पानं आहेत, तळहाताच्या निम्मी. जन्मापासूनच्या नऊ महिन्यांत त्याला एवढं मोठं पान आलेलं नव्हतं! १६ चं मूळचं रोप अजून तिथेच, तीन इंचांवर.

११ ला पहिली कळी धरली आहे, अजून मिटलेली, टोकाला शेंदरी झाक. २ आणि ५ ला काही नाही. काका, पट्टी कधी सोडू?

कलमवाला, १० ऑगस्ट

शाब्बास ताई. पट्टी आता सोडू नका, अजून महिनाभर तरी राहू दे. खोड जाड होऊन ती रुतायला लागली की मागच्या बाजूने ब्लेडने उभी चीर द्या, ओढू नका. आणि रोज जोडाच्या खाली बघत जा. देशी लालचे फुटवे तिथून जोरात येतील, ते ठेवले तर सगळा रस तेच घेतील आणि वरचं उपाशी मरेल. दिसला की काढा.

गोदाकाठ, १८ ऑगस्ट

आला होता एक. चार बोटं वाढला तेव्हा लक्षात आलं, पानामागे लपला होता. काढला आणि दुसऱ्या पिशवीत खोचला. पुढच्या कलमाला खुंट (खालचं मुळासकट खोड) होईल.