घराणं उभारणाऱ्या चिनी कादंबऱ्या: तीनशे भागांत एकही वाटणी कशी होत नाही?

जकार्ड_माग
गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत धरलेली कादंबरी, आता तीनशेव्या भागावर आलोय. नवीन मंडळींसाठी: कल्टिव्हेशन म्हणजे साधना करून ताकद आणि आयुष्य वाढवायचं. आधी 'ची' (प्राणशक्ती) रिफायनिंग, मग फाउंडेशन, मग गोल्डन कोअर, अशा पायऱ्या. एरवी एकच पोरगा सगळ्यांना तुडवत वर जातो. या प्रकारात नायक म्हणजे अख्खं घराणं. मला भारी वाटतो तो हिशोब. कुटुंबप्रमुख रात्री वही काढून बसतो: मंतरलेल्या शेतातलं भात इतकं, खाणीतले स्पिरिट स्टोन (तिथले पैसे म्हणून चालणारे शक्तीचे दगड) इतके, आणि फाउंडेशनची पायरी चढवणारी गोळी परवडते एकच. घरात पोरं दोन. पूर्ण भाग नुसता त्या वहीवर. आमच्या आजोबांनीही असंच रात्रभर बसून ठरवलं होतं, नवा माग घ्यायचा की धाकट्याला इंजिनिअरिंगला घालायचं.

सातरस्ता
मग धाकट्याचं काय झालं ते पण सांग की! कादंबरीत ज्याला गोळी मिळत नाही तो 'घराण्यासाठी' म्हणून मान खाली घालतो, आणि पुढे दोनशे भाग गायब. असं असतंय होय? आमच्यात सहा माग, चार भाऊ. हा भागाकार कुठल्याच गोळीनं सुटला नाही. शेडमध्ये मधोमध भिंत आली, आणि विजेचा मीटर कुणाच्या नावावर राहणार यावरून थोरला-मधला आजही एकमेकांच्या दारात जात नाहीत. लेखकाला शत्रू कायम बाहेरचा लागतो, शेजारचं घराणं नाहीतर वरचा पंथ. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून घरच्यांच्या कटातून झाला, हे माहीत असलेल्या वाचकाला हा गोडवा पचत नाही.

जकार्ड_माग
फितुरी आहे, पण तू मशीन भाषांतर वाचतोयस बहुतेक. चिनीत चुलतभावाला 'थांग' लागतं, आते-मामे-मावस भावाला 'ब्याओ'. पहिला घराण्यातला, दुसरा पाहुणा. इंग्रजीत दोघेही कझिन, मग कोण कुणाला फितलं ते कळणार कसं? मराठीत हे जसंच्या तसं उतरेल. शिवाय एका पिढीच्या सगळ्यांच्या नावात एक अक्षर सारखं असतं, तेवढं धरलं की शंभर पात्रं डोक्यात राहतात.

हजारी_विडी
नाती कळली, बायका कुठायत? सोयरीक जुळते ती पोरीचं स्पिरिट रूट, म्हणजे साधनेची जन्मजात कुवत, बघून, आपल्याकडे पत्रिका बघतात तशी. ती येते, चांगल्या रूटचं पोर देते, संपली. आमचे माग बंद पडले तेव्हा आजी दिवसाला हजार विड्या वळायची. माल द्यायला गेली की तपासणारा मूठभर विड्या 'खराब' म्हणून बाजूला टाकायचा, तरी त्याच पैशावर सहा तोंडं जेवली. तुमच्या प्रमुखाच्या वहीत हे कुठल्या खात्याला?

जकार्ड_माग
एक आत्या आहे, लग्न न केलेली, ताईत लिहून विकणारी. पण खरंय, एकच.

होटगी_रोड
ताईताचा लिलाव वीस भाग चालला तो आठवतोय ना? तिकडे सशुल्क भागांचे पैसे अक्षरांच्या हिशोबानं मिळतात आणि रोज नवा भाग टाकावा लागतो. मजुरी कापडाच्या मीटरवर असली की कोण माग थांबवतंय!
आणि वाटणीचं उत्तर सोपं आहे. गोल्डन कोअर झालेला म्हातारा साधारण पाचशे वर्षं जगतो. म्हातारा जात नाही, वाटणी होत नाही. जी गोष्ट पिढ्यांची म्हणून सुरू होते ती शेवटी एकाच आजोबांची होऊन बसते.

सातरस्ता
हे पटलं बघा. आमच्यात पहिली ठिणगी आजोबांच्या तेराव्यालाच पडली.

जकार्ड_माग
आत्ताच ३०४ वाचला. प्रमुख दहा वर्षं बंद गुहेत साधनेला बसलाय, कोठाराच्या किल्ल्या आत्याकडे!

हजारी_विडी
वही पण दिली का?

जकार्ड_माग
नाही ओ. नुसत्या किल्ल्या.