पहिले डॉबरमन पिल्लू घ्यायचे आहे : जबाबदार ब्रीडर कसा ओळखावा? (सांगली–सातारा परिसर)

माधवनगरकर

नमस्कार. आम्ही सांगलीजवळ माधवनगरला राहतो. स्वतंत्र घर आहे, चारी बाजूंनी कंपाउंड आहे आणि मागच्या अंगणात आंब्याची व चिकूची सावली आहे. घरात मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे वडील असे चौघे असतो. वडील हळदीच्या अडत दुकानातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरीच असतात, त्यामुळे कुत्रा एकटा राहण्याचा प्रश्न येणार नाही. यापूर्वी आम्ही कधीही कुत्रा पाळलेला नाही. डॉबरमनच का, याचे कारण जुने आहे. माझ्या आजोळी, तासगावला, समोरच्या वाड्यात एक डॉबरमन कुत्री होती. अनोळखी माणसाला ती फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नसे, पण आम्हा मुलांनी तिच्या पाठीवर डोके टेकून दुपारच्या दुपार काढल्या आहेत.

गेल्या महिन्यात ओळखीतून मिळालेल्या एका पत्त्यावर पिल्ले पाहायला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एका पिंजऱ्यात सात पिल्ले होती आणि ती ३२ दिवसांची असल्याचे सांगण्यात आले. दोन पिल्लांच्या डोळ्यांना चिपडे होती. मुलीने हात पुढे केला तेव्हा एकच पिल्लू उठून जाळीपाशी आले, बाकीची निजूनच राहिली. आई कुठे आहे असे विचारल्यावर ‘ती मळ्यात असते’ एवढेच उत्तर मिळाले. ‘इम्पोर्टेड ब्लडलाइन’ आणि ‘डबल बोन’ हे शब्द मात्र पुनःपुन्हा ऐकायला मिळाले. कागद नंतर मिळतील, आज दहा हजार देऊन ठेवा, उद्या ही पिल्ले राहणार नाहीत, असा आग्रह झाला. मुलगी त्या एका पिल्लापाशी बसून राहिली होती. तिला उठवून बाहेर आणणे मला फार जड गेले.

आम्ही पिल्लू घेतले नाही, पण नाही म्हणताना नेमके काय चुकते आहे हे मला शब्दांत सांगता आले नसते. म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो : चांगला ब्रीडर कशावरून ओळखावा, त्याला कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणते कागद स्वतः पाहावेत? पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने नर घ्यावा की मादी, हेही सांगावे.

गोडोलीकर, सातारा

आपण तिथून रिकाम्या हाताने परत आलात, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. मी आलो नव्हतो.

माझा पहिला डॉबरमन मी असाच, एका भेटीत, रोख पैसे देऊन आणला होता. तो सहा वर्षांचा असताना एका सकाळी नेहमीप्रमाणे फिरायला निघायचे म्हणून स्वतःचा पट्टा तोंडात धरून फाटकापाशी गेला आणि तिथेच कोसळला. मी पायऱ्या उतरून पोहोचेपर्यंत सारे संपले होते; पट्टा तोंडातच होता. आदल्या संध्याकाळी तो अजिंक्यताऱ्याच्या चढावर माझ्या पुढे धावत होता. पुढे डॉक्टरांकडून समजले की या जातीत हृदयाच्या स्नायूंचा एक आजार, ज्याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी किंवा थोडक्यात डीसीएम म्हणतात, फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हृदयाचे कप्पे ताणून मोठे होतात, ठोक्यांची लय बिघडते आणि कित्येक कुत्र्यांमध्ये अचानक येणारा मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते. युरोपातील एका मोठ्या पाहणीत, आयुष्यभराचा हिशेब धरता, निम्म्याहून अधिक डॉबरमनना हा आजार होत असल्याचे दिसून आले.

त्यामुळे माझ्या मते डॉबरमनच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच आहे, आणि तो पिल्लाविषयी नाही : आजी-आजोबा किती वर्षे जगले आणि कशाने गेले? जो ब्रीडर या प्रश्नाला वयासह आणि कारणासह उत्तर देतो, तो आपल्या कुत्र्यांना ओळखतो असे समजावे. ‘सगळे ठणठणीत आहेत’ असे मोघम उत्तर आले तर त्याने कधी मागे वळून पाहिलेले नाही, एवढेच त्यातून कळते.

दुसऱ्या वेळी मी १४ महिने थांबलो. ज्यांच्याकडून शेवटी पिल्लू घेतले, त्यांनी पहिल्या फोनवर मला किमतीबद्दल बोलूच दिले नाही. घरी दिवसा कोण असते, रात्री कुत्रा कुठे झोपणार, आधीचा कुत्रा कशाने गेला, आपण किती चालू शकता, हे त्यांनी अर्धा तास विचारले. पिल्ले जन्मण्याआधी मला आईला भेटायला बोलावले. ती बैठकीच्या खोलीत शांतपणे आली, माझा हात हुंगला आणि पाच मिनिटांनी माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. आधीच्या वेतातील तीन पिल्लांच्या मालकांचे फोन नंबर, त्यांची परवानगी घेऊन, त्यांनी मला दिले. आणि लिहून दिले की कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने मला कुत्रा ठेवता आला नाही तर तो त्यांच्याकडेच परत जाईल.

पशुवैद्य, कराड

गोडोलीकरांनी योग्य मुद्द्यावर बोट ठेवले आहे. मी त्यात वैद्यकीय तपशिलाची भर घालतो.

डीसीएमसाठी नुसते स्टेथोस्कोपने तपासणे पुरेसे नसते, कारण आजाराचा पहिला टप्पा दोन-तीन वर्षे आतल्या आत चालतो आणि त्या काळात कुत्रा धावतो, खातो, बाहेरून पूर्ण निरोगी दिसतो. त्यासाठी दोन तपासण्या लागतात : हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, आणि २४ तासांचा होल्टर. होल्टरमध्ये छातीवरचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवतात, वरून जाकिटासारखा पट्टा बांधतात आणि छोटे यंत्र दिवस-रात्र प्रत्येक ठोका नोंदवत राहते. २४ तासांत ३०० हून अधिक अवेळी ठोके आढळले तर रोग आहे असे धरतात. ५० ते ३०० च्या दरम्यान आढळले तर काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. साधारण तिसऱ्या वर्षापासून या दोन्ही तपासण्या दरवर्षी व्हायला हव्यात. म्हणून पिल्लाच्या आई-वडिलांचा अहवाल गेल्या वर्षभरातील आहे ना, हे तारीख पाहून खात्री करून घ्या. चार वर्षांपूर्वीचा चांगला अहवाल आज काहीही सांगत नाही. आजार लवकर सापडला तर पिमोबेंडनसारख्या औषधाने त्याची वाढ लांबणीवर टाकता येते, पण तो पूर्ण बरा होत नाही.

दुसरा आजार व्हॉन विलेब्रँड, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा. नसबंदीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नख खोल कापले गेले तरी तो लक्षात येतो. याची डीएनए चाचणी आहे आणि तिच्यात कुत्रा निर्दोष, वाहक (स्वतः सहसा आजारी नसलेला, पण दोष पिल्लांना देऊ शकणारा) किंवा बाधित असे तीन निकाल येतात. वाहक कुत्री निर्दोष नराशी जुळवली तर पिल्ले बाधित होत नाहीत. दोन वाहक एकत्र आणणे मात्र अक्षम्य आहे. याखेरीज मानेच्या मणक्यांचा वॉबलर, थायरॉइड आणि खुब्याचे दोष यांबद्दलही विचारावे.

रंगाबद्दल एक ताकीद देतो. या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात काळा आणि तपकिरी, दोन्हींवर तांबूस खुणा असलेले, असे दोनच रंग आहेत. ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त किमतीला विकल्या जाणाऱ्या निळसर आणि फिकट पिवळसर पिल्लांचे केस पुढे मोठ्या प्रमाणावर गळतात आणि त्वचेचे विकार जडतात. पांढरा डॉबरमन हा एका जनुकीय दोषाचा परिणाम आहे. त्याला उजेड सहन होत नाही आणि त्वचेच्या गाठींचा धोका असतो.

आपण पाहिलेल्या पिल्लांविषयी : २०१७ च्या कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, १८ महिन्यांच्या आतील मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा कागद बघायला मागणे हा आपला हक्क आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, आरोग्याची हमी देत नाही. तरीही ते पाहावे आणि त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक (कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा) पिल्लाच्या मानेवर यंत्र फिरवून जुळवून घ्यावा. पारवो या विषाणूचा धोका डॉबरमन पिल्लांना इतरांपेक्षा अधिक मानला जातो आणि तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे १६ आठवड्यांपर्यंतचे लसीचे सर्व डोस पूर्ण होईस्तोवर पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन माणसे, वाहने, बाजार हे सगळे रोज दाखवा. ज्या वयात ते जग ओळखते, ते वय याच आठवड्यांत निघून जाते.

माधवनगरकर

डॉक्टरसाहेब, गोडोलीकर, आपले दोघांचे फार आभार. दोन शंका आहेत. फोनवर एका ब्रीडरने सांगितले की त्यांच्या कुत्र्यांची डीसीएमची डीएनए चाचणी निर्दोष आली आहे, त्यामुळे होल्टरची गरज उरत नाही. हे खरे आहे का? आणि ते म्हणाले की कान कापून देतो, नाहीतर डॉबरमन दिसणार नाही.

पशुवैद्य, कराड

खरे नाही. डीसीएमशी संबंधित काही जनुकीय बदलांची चाचणी उपलब्ध आहे, परंतु ती निर्दोष आलेल्या कुत्र्यांनाही हा आजार होतो. तिने होल्टरची जागा भरून निघत नाही. कान कापण्याला वैद्यकीय कारण नाही. आंतरराष्ट्रीय मानकातही आता नैसर्गिक कान आणि नैसर्गिक शेपूट यांचेच वर्णन आहे. मी स्वतः ही शस्त्रक्रिया करत नाही.

मिरजेची रहिवासी

नमस्कार. मी घरीच दोनदा डॉबरमनची पिल्ले काढली आणि नंतर ते थांबवले, म्हणून या विषयावर आतून बोलू शकते.

माझी कुत्री पहिल्यांदा व्याली तेव्हा नऊ पिल्ले झाली. पहिले दोन आठवडे मी त्याच खोलीत सतरंजी टाकून झोपत होते, कारण आई कूस बदलताना पिल्लू अंगाखाली येऊ शकते. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधली होती आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन करून वहीत लिहीत होते. जांभळ्या लोकरीचे वजन दोन दिवस वाढले नाही तेव्हा त्याला दर दोन तासांनी वेगळे दूध पाजले. अशा घरात आपण गेलात तर ती वही मागून बघा. वही नसेल तरी चालेल, पण सातव्या आठवड्यात कोणते पिल्लू धीट आणि कोणते बुजरे, हे न अडखळता सांगता आले पाहिजे, आणि आपल्या घराला कोणते शोभेल हे त्यांनीच सुचवायला हवे. ज्याच्याकडे बाराही महिने पिल्ले तयार असतात, त्याला हे शक्य नसते.

होल्टरसाठी पुण्या-मुंबईपर्यंत जावे लागते, आपल्या भागात ते कुठे करणार, ही सबब मी स्वतः त्या वेळी दिली होती. इको केला, तो चांगला आला आणि मी समाधान मानले. तीन वर्षांनी माझ्या कुत्रीचा सख्खा भाऊ पाचव्या वर्षी अचानक गेला. त्या रात्री मी नऊही घरांना फोन केले. प्रत्येकाला जे घडले ते सांगितले आणि आपल्या कुत्र्याचा होल्टर करून घ्या अशी विनंती केली. दोन मालक रागावले, आणि त्यांचा राग योग्य होता. त्यानंतर मी पिल्ले काढली नाहीत. म्हणून आपल्याला सांगते : ब्रीडरला हेही विचारा की त्याने दिलेल्या पिल्लांपैकी आजवर कोणती आजारी पडली आणि ते कळल्यावर त्याने बाकीच्या घरांना कळवले का.

नर की मादी याबाबत माझे मत मादीकडे झुकते. पूर्ण वाढलेला नर ४० ते ४५ किलोचा होतो आणि पहिल्या दोन वर्षांत त्याला पट्ट्यात आवरणे सत्तरीतल्या माणसाला अवघड जाते. आपले वडील त्याला फिरवणार असतील तर याचा विचार करा. घर मात्र आतून मोकळे हवे. जर्मनीतल्या आपोल्डा गावात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात ही जात घडवली ती स्वतःसोबत चालणारा रक्षक हवा म्हणून. करवसुलीचे काम करणाऱ्या त्या माणसाला पायाशी कुत्रा हवा होता. हा कुत्रा साखळीला बांधून मागच्या अंगणात ठेवला तर खंतावतो. शिवाय अंगावर आतली लव नसल्यामुळे डिसेंबरच्या थंडीत तो कुडकुडतो आणि एप्रिलच्या आपल्या उन्हात दुपारी बाहेर राहू शकत नाही.

गोडोलीकर, सातारा

ताई, तो फोन करणारे लोक फार थोडे असतात. मला तसा फोन कधीच आला नव्हता. माझ्या पहिल्या कुत्र्याची भावंडे कुठे होती, हे मला आजही माहीत नाही.

माधवनगरकर

आज सर्व उत्तरे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. मिरजेच्या ताईंचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग मादीच घ्यायची असे त्यांनीच ठरवून टाकले.

या आठवड्यात चार जणांना फोन केले. आजी-आजोबांचा प्रश्न विचारताच दोघांनी विषय बदलला आणि एकाने फोन ठेवला. चौथ्या बाईंनी मात्र आजी दहाव्या वर्षी गर्भाशयाच्या आजाराने गेली आणि आजोबा आठव्या वर्षी हृदयविकाराने गेले, असे सरळ सांगितले. त्याच कारणाने त्या या वेळी दुसऱ्या घराण्यातला नर पाहत आहेत. पिल्ले पुढच्या वर्षीच होतील, आणि त्याआधी चौघांनीही येऊन कुत्रीला भेटावे असे त्यांचे म्हणणे आहे. रविवारी जात आहोत. मुलीने प्रश्न स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतले आहेत.

डॉक्टरसाहेब, त्यांनी होल्टरचा अहवाल द्यायचे कबूल केले आहे. तो आपल्याला दाखवला तर पाहाल का?

पशुवैद्य, कराड

अवश्य. फक्त पहिल्या पानाचा फोटो नको, अहवालाची सर्व पाने मागून घ्या आणि त्यावर कुत्रीचा मायक्रोचिप क्रमांक आहे का ते तिथेच बघा. सोमवारी सायंकाळी पाचनंतर मी दवाखान्यात असतो.