मदत हवी आहे: अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून उभ्या गाडीची बॅटरी उतरते

नमस्कार मंडळी,

मी सिन्नरला राहतो. वडिलांचं डायलिसिस नाशिकला असतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला. बाकीचे दिवस गाडी दारात उभीच. २०१७ची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ एएचची (ॲम्पियर-तास, म्हणजे साठवण क्षमता), १४ महिन्यांपूर्वी घेतलेली.

दीड महिन्यापूर्वी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. तेव्हापासून शुक्रवारी सेल्फ कसाबसा लागतो आणि मंगळवारी नुसती टकटक. परवा पहाटे साडेपाचला शेजारच्या काकांना उठवून त्यांच्या गाडीवरून जंप दिला, तोवर वडील मफलर गुंडाळून ओट्यावर बसून होते. तिथे पोचायला उशीर झाला की मशीनवरचा वेळ कमी होतो, कारण पुढचा पेशंट ठरलेला असतो. हे मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. पण बॅटरीवाल्याने लोड टेस्टरवर तपासून ती चांगली असल्याचं सांगितलं. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट येतात, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. रात्री १२.६ होते, दुसऱ्या रात्री १२.३.

काल मल्टिमीटर १० ॲम्पियरच्या सॉकेटला लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि केबलच्या मध्ये जोडला. दारं लॉक करून अर्धा तास थांबलो. रीडिंग ०.४१ ॲम्पियर. रेडिओचा फ्यूज काढताच ०.०२. चोर सापडला, पण स्क्रीन तर पूर्ण काळी असते! मग करंट खातंय काय?

उत्तर १

दादा, मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो. मापलंत अगदी बरोबर. फक्त मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

०.४१ म्हणजे दिवसाला जवळपास १० एएच. शुक्रवार दुपार ते मंगळवार पहाट धरली तर ३५ एएचची बॅटरी रिकामीच होणार. उभ्या गाडीत ०.०५च्या आत असेल तर चालतं.

एक सांगा, चावी काढल्यावर स्टिरिओ आपोआप बंद होतो, की तुम्हाला बटण दाबावं लागतं?

धागाकर्ता

बटण दाबावं लागतं. खरं तर मीच तसं करून मागितलं होतं. वडील चार तास आत असतात, तेवढा वेळ मी गाडीत गाणी ऐकत बसतो. चावी काढली तरी चालू राहायला हवा, असं दुकानात सांगितलं होतं.

उत्तर १

मग झालं ते असं. स्टिरिओच्या पिवळ्या वायरीला कायमची लाइन लागते, ती घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल वायर चावीच्या ॲक्सेसरी (एसीसी) लाइनवर हवी, म्हणजे इंजिन सुरू न करता चावी एसीसीच्या खुणेवर फिरवली की जिला करंट येतो तिच्यावर. ती लाइन गेली की स्टिरिओ झोपतो. तुमच्याकडे दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनवर टाकल्या असणार. बटणाने फक्त स्क्रीन विझते, आतला प्रोसेसर जागाच राहतो.

स्टिरिओ पुढे ओढा, लाल वायर सोडवा. स्टिरिओमागच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीच्या प्लगमध्ये) अशी तार शोधा जिच्यावर चावी बंद असताना शून्य आणि एसीसीला १२ व्होल्ट येतात. लाल तिथे जोडा. जोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा आणि सांध्यावर नुसती चिकटपट्टी नको, सोल्डर करून स्लीव्ह चढवा. उन्हात पट्टीचा गोंद वितळतो.

गाणी ऐकायची तर चावी एसीसीला ठेवून ऐका. पण चार तास नको. असे स्टिरिओ दोन ॲम्पियर सहज खातात, म्हणजे आठ एएच गेलेच. तासभर ठीक आहे.

धागाकर्ता

तसंच निघालं. काळ्या टेपखाली लाल आणि पिवळी एकत्र पिळलेल्या होत्या. सांगितलं तशी लाल वेगळी केली, बॅटरी रात्रभर चार्जरला लावली. आता उभ्या गाडीत ०.०२.

आज मंगळवार. पहाटे मीटर लावला, १२.५ व्होल्ट. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली आणि पावणेसातला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. हे नाशिकच्या पार्किंगमधूनच लिहितोय, गाणी मोबाइलवर चालू आहेत. मनापासून आभार.