देवघरातला फोटो तुकाराम महाराजांचा की प्रभातच्या नटाचा?

गंगाखेडचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. घरात भांडण लावणारा प्रश्न घेऊन आलोय. आमच्या देवघरात तुकाराम महाराजांचा एक फोटो हाय, आजोबांनी कव्हातरी वारीत पंढरपूरहून आणलेला. चौकटीला वाळवी लागली म्हणून परवा नवी फ्रेम करायला नेला तर दुकानदार हसून म्हणला, "हे महाराज कुठले, हा पिक्चरमधला नट हाय, पागनीस." मी येडा, घरी येऊन जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आज्जी दोन दिवस झाले बोलंना माझ्याशी. म्हणती, पन्नास वर्षं मी काय नटाला हळदीकुंकू वाहू लागले होते का? जनाबाईच्या गावात राहून असं काय तोंडातून काढायचं नव्हतं हे मान्य. पण खरं काय आहे? हे पागनीस कोण होते?

जुनी_टुरिंग
दुकानदार बहुतेक खरं बोलला. विष्णुपंत पागनीस. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मधले तुकाराम. जन्म १८९२ चा, बेळगावकडच्या चिकोडीचे. म्हणजे पिक्चर आला तव्हा माणूस चव्वेचाळीसचा होता, काय पोरगा नव्हता. त्याच्या आधीचं आयुष्य नाटकात गेलेलं आणि तेही बायकांच्या भूमिका करण्यात. बालगंधर्वांचा काळ तो, गोड गळ्याचा पोरगा दिसला की नेसव लुगडं.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. त्या काळातले निम्मे बोलपट बघताना वाटतं की नट अजून स्टेजवरच उभा आहे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकवायलाय. पागनीस तसं करत नाहीत. हळू बोलतात, मान खाली, हात मऊ, कुणी शिव्या दिल्या तरी अंगावर येत नाहीत, आणि भजन तर असं म्हणतात जसं आपला एखादा म्हातारा पिकाला पाणी देता देता स्वतःशीच गुणगुणतो. स्वतःच्या गळ्यानं गायलेत बरं का, उसना आवाज नाही. हे मऊपण इतकी वर्षं स्त्रीपार्ट केल्यानं अंगात मुरलं असावं असं मला वाटतं. दुसऱ्या कुणी त्याचं नाटकी संतपण केलं असतं.

पिक्चर काढला विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीनं. फत्तेलाल कागलचे, सगळे त्यांना साहेबमामा म्हणायचे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

परभणी_लोकल
सगळेच फोटो पागनीसांचे नसतात हो. तुकोबांची चित्रं पिक्चरच्या आधीपण होती. फ्रेमवाल्याला काय कळतंय. फोटो टाक इथं, मग बोलू.

टाळकरी_सेलू
फोटोचं जाऊ द्या, मला त्याच पिक्चरचा एक झटका बसलेला आहे तो ऐका. आमच्या भजनी मंडळात 'आधी बीज एकले' कायम म्हणतात, मीच म्हणायचो, शेवट झाला की पाठोपाठ माऊलीचा गजर. एकदा एका बुवांनी विचारलं की गाथेत कितवा अभंग? घरी आलो, गाथा अख्खी चाळली, दोनदा चाळली, नाहीच! मग कळलं की तो शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेला आहे आणि चाल केशवराव भोळ्यांची. तुकोबांच्या भाषेशी इतका बेमालूम मिसळलाय की भले भले फसलेत. आम्ही अजून म्हणतो. बुवांनी नंतर काही विचारलं नाही.

हिंगोली_एक्सप्रेस
पागनीसांचं पुढं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही. त्यांना नंतर संतच करावे लागले. १९३९ ला रणजित फिल्म कंपनीकडं तुलसीदास, १९४० ला 'नरसी भगत', आणि मग 'महात्मा विदुर'. 'नरसी भगत' नाव वाचून मला वाटलं हा आपल्या हिंगोलीकडच्या नर्सी नामदेव गावावर काढलाय, लई खूश झालो, बघायला बसलो तर गुजरातचे नरसी मेहता निघाले 😄 १९४३ ला वारले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. म्हणजे तुकाराम झाल्यावर उणीपुरी सातच वर्षं मिळाली माणसाला. त्यात लोक पाया पडायले, मग कोण त्याला खलनायक करणार?

आणि आज्जीला एक सांगा. दामले-फत्तेलालांनीच १९४० ला 'संत ज्ञानेश्वर' काढला, त्यात ज्ञानोबा केला शाहू मोडकांनी. ते नगरचे, ख्रिश्चन घरातले. आपल्या आपेगावच्या पोराचं काम, पैठणला रेड्यानं वेद म्हणायचा प्रसंग, सगळं त्यांच्या तोंडावर लोकांनी मानलं. कृष्ण तर किती वेळा केला मोजदाद नाही. तव्हा काय कुणी दाखला मागितला नव्हता.

जुनी_टुरिंग
@परभणी_लोकल बरोबर आहे तुमचं, फोटो बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही. पण चेहरा भरलेला, डोळे अर्धे मिटलेले आणि फोटो काढल्यासारखा स्पष्ट असंल तर संशय घ्यायला जागा आहे. हाताने काढलेल्या चित्रात नाक-डोळे वेगळेच असतात.

गंगाखेडचा_पोऱ्या
अपडेट देतो. डोळे अर्धे मिटलेलेच हायत 🙏

काल रात्री धीर करून आज्जीला मोबाईलवर पिक्चर लावून दिला. पहिले दहा मिनिटं तोंड फिरवून बसली, मग चष्मा मागितला. पागनीस दिसले तर काहीच बोलली नाही, फक्त पदर नीट केला. पण आवली आली आणि कारभार बदलला. पोरगं आजारी पडल्यावर ती चप्पल घेऊन देवळात विठोबाला मारायला निघती ना, तिथं आज्जी एवढ्यांदा "मार, मार" म्हणली की आई स्वयंपाकघरातून पळत आली. शेवटी महाराज गरुडाच्या विमानात बसून वर चालले आणि ती बाई खालीच राहिली तर आज्जीनं मोबाईल उपडा ठेवला. म्हणली, सगळं घर हिनं ओढलं आन् नेताना कामून नेलं नाही?

फोटो आज परत जागेवर लागला, नवी फ्रेम, तेच हळदीकुंकू. भांडण मिटलं असं समजतो. पण आता नवीन फर्माईश आलीये, आवली झालेल्या बाईचा फोटो पाहिजे म्हणती, देवघरात नाही, बाजूच्या भिंतीवर. नाव गौरी एवढंच पिक्चरच्या पाटीवर दिसलं. कुणाकडं बरा, मोठा करता येईल असा फोटो असला तर टाका इथं.