अनुभव धागा: प्रचारसभेतलं बेताल वक्तव्य नोंदवायचं कुठे आणि कसं? (खान्देश)

बोदवड नगरपंचायतीच्या प्रचारात डिसेंबर २०२१ मध्ये गुलाबराव पाटलांनी रस्त्यांना हेमा मालिनींच्या गालांची उपमा दिली. राज्य महिला आयोगाच्या रूपाली चाकणकरांनी माफी मागायला सांगितलं, मंत्र्यांनी माफी मागितली, विषय मिटला. आपल्याकडे अशा वक्तव्यांचा प्रवास बहुधा एवढाच असतो: सभा, क्लिप, निषेधाचं पत्रक, दिलगिरी. मधल्या सरकारी टेबलांवर काय होतं ते कुणी सांगत नाही. चित्रीकरण, छापखाना, वार्तांकन, कोर्ट, मंचामागची व्यवस्था यांतलं ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कुठला पक्ष जास्त वाईट हा वाद इथे नको. आपल्या आठवणीही नकोत, काम कसं चालतं तेवढं सांगा.

तापीकाठ

ताई, तुमच्या उदाहरणातच पहिली मेख आहे. बोदवडची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची होती. नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत या सगळ्या त्यांच्याकडे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. दोन्हींची आचारसंहिता वेगळी, अधिकारी वेगळे. पालिकेच्या प्रचारातली तक्रार दिल्लीच्या आयोगाला मेल केली की ती फिरत फिरत परत येईस्तोवर गुलाल उधळून झालेला असतो.

आचारसंहिताभंगाची तक्रार करायचं सी-व्हिजिल ॲप दिल्लीच्या आयोगाचं. त्याचं गणित १०० मिनिटांचं: ५ मिनिटांत तक्रार पथकाकडे, १५ मिनिटांत भरारी पथक जागेवर, ३० मिनिटांत तपासणी आणि अहवाल, उरलेल्या ५० मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निर्णय. पण फोटो-व्हिडिओ ॲपमधूनच काढावा लागतो. गॅलरीतला चालत नाही, व्हिडिओ २ मिनिटांपुरताच आणि काढल्यावर ५ मिनिटांत पाठवायचा. म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप इथे कामाची नाही. साड्यावाटप, विनापरवाना झेंडे, वेळेनंतर वाजणारा भोंगा यांना हे ॲप उत्तम. भाषणासाठी लेखी तक्रारच द्या, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन. अर्जात सभेचं ठिकाण, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, वाक्य जसंच्या तसं आणि ते रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला आहे ते लिहा. "समाजाच्या भावना दुखावल्या" एवढ्यावर भागवलेला अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.

कॅमेरावाला भो

राम राम मंडळी. सभेचं सरकारी चित्रीकरण व्हिडिओ सर्व्हेलन्स टीम करते आणि व्हिडिओ व्ह्यूइंग टीम ते बसून पाहते. नियमाप्रमाणे सुरुवातीला कॅमेऱ्यातच बोलून नोंद करायची: कार्यक्रम कुठला, तारीख, जागा, पक्ष, उमेदवार. मग गाड्या नंबरासकट, खुर्च्या, मंचाचा आकार, भोंगे, कटआउट. हे सगळं उमेदवाराचा खर्च मोजण्यासाठी.

भाषण मात्र इथेच निसटतं. बहुतेकांचं लक्ष मोठ्या नेत्याकडे. हेलिकॉप्टर यायला उशीर होतो, तोवर माईक स्थानिक वक्त्यांच्या हातात, आणि घाणेरडं वाक्य नेमकं तेव्हा येतं. कॅमेरा त्या वेळी खुर्च्या मोजत असतो. म्हणून पहिला माईक सुरू झाला की रेकॉर्डिंग सुरू, आभार संपेपर्यंत बंद नाही. आवाज भोंग्यासमोर उभं राहून घेऊ नका, फाटतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन घ्या आणि जोडीला मोबाईल मंचापासून थोडा लांब, जनरेटरच्या विरुद्ध बाजूला ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे वारा सुटतो, माईकला फोमची टोपी हवीच.

मूळ फाईल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवून मूळ पुसू नका. व्हॉट्सॲप फाईल दाबतं. कार्ड काढून पाकिटात ठेवा, वर तारीख टाका.

गिरणा वकील

वरच्या भाऊंनी मूळ फाईलचं सांगितलं, त्याचं कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत: भाग अ रेकॉर्डिंग देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाईलवरून निघणारा आकडे-अक्षरांचा ठसा. फाईल एका सेकंदानेही कापली तरी हॅश बदलते.

आता कलमं. धर्म, जात, भाषा यांवरून तेढ: भारतीय न्याय संहिता कलम १९६ आणि लोकप्रतिनिधित्व कायदा कलम १२५. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. नोंदवला तरी १९६ ला कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, आणि खटले तिथेच वर्षानुवर्षं लोंबकळतात.

दुसरा खड्डा म्हणजे न्याय संहितेचं आदेशभंगाचं कलम २२३, जुन्या दंडविधानातलं १८८. आचारसंहितेचे बरेच गुन्हे याच कलमात घालतात, कारण सोपं वाटतं. पण इथे ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी फिर्याद द्यावी लागते. नुसत्या पोलिसी दोषारोपपत्रावर गेलं की आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला तेवढाच मुद्दा काढतो.

वैयक्तिक चारित्र्यावर खोटा आरोप असेल तर न्याय संहितेचं कलम १७५ आणि निवडणूक याचिकेसाठी (निवडून आलेल्याची निवड रद्द करा म्हणून कोर्टात करायचा अर्ज) लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३(४). इथे सिद्ध काय करायचं ते नीट बघा: विधान वस्तुस्थितीचं हवं, बोलणाऱ्याला ते खरं वाटत नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि बोलणारा स्वतः उमेदवार, त्याचा एजंट किंवा उमेदवाराची संमती असलेला माणूस हवा. "तो चोर आहे" हे सभेतलं सैल वाक्य बहुधा मत म्हणून सुटतं. "अमुक साली अमुक सोसायटीचे पैसे खाल्ले" हे सुटत नाही.

आदिवासी किंवा दलित उमेदवाराला जातीवरून लोकांसमोर अपमानित केलं तर ॲट्रॉसिटी कायदा आहेच. नंदुरबार राखीव असला म्हणून तिथे हे घडत नाही असं समजू नका, मंचावरचे सगळे वक्ते आदिवासी नसतात.

छापखाना गल्ली

भाषणापेक्षा निनावी पत्रक जास्त घाण करतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ: प्रत्येक प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. छापायच्या आधी प्रकाशकाकडून सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह. छापून झालं की घोषणापत्राची प्रत आणि पत्रकाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात, आयोगाच्या सूचनेप्रमाणे ३ दिवसांत. मोडलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड आजच्या भावात हास्यास्पद आहे, पण गुन्हा नोंदला जाण्याची भीती प्रेसवाल्याला असते.

"सभा अमुक चौकात, अमुक वाजता" एवढंच असलेल्या हँडबिलाला हे लागू नाही. त्याच हँडबिलाखाली समोरच्यावर एक टोमणा टाकला की लागू. सेंधवा किंवा सुरतेहून छापून आणलं तरी सुटका नाही, कायदा देशभर सारखाच.

रात्री दाराखालून सरकवलेलं पत्रक मिळालं तर घडी मोडू नका, गठ्ठा सापडला तर वरची दोरी-वेष्टण जपा. प्रेसचा माग कागदाच्या रिमवरून आणि वेष्टणावरून लागतो, मजकुरावरून नाही.

माईक टेस्टिंग

मंचामागून. सूत्रसंचालकाच्या हातात दोनच हत्यारं, यादी आणि चिठ्ठी. जो वक्ता घसरतो हे सगळ्या तालुक्याला माहीत असतं, त्याला नेता यायच्या ऐन आधी कधीच ठेवू नका. गर्दी तापलेली, वेळ किती काढायचा ते ठरलेलं नाही, मग माणूस टाळ्यांमागे जातो. त्याला सुरुवातीलाच उरकून घ्या.

घसरलाच तर आवाज बंद करू नका, "माईक बंद पाडला" म्हणून दुसरी बातमी होते. बाजूच्या माईकवरून घोषणा उचलायची, लोक ओरडतात, तेवढ्यात चिठ्ठी. आणि रात्री १० ला भोंगा बंद म्हणजे बंद. "शेवटची दोन मिनिटं" म्हणत १०:२० करणारे आयते सापडतात.

चोपडा वार्ताहर

सभा अहिराणीत असेल तर शब्दांकन आधी अहिराणीत जसंच्या तसं, शेजारी मराठी. पाहणाऱ्या टीममध्ये बाहेरच्या जिल्ह्यातले कर्मचारी असतात. शिवी त्यांना थट्टा वाटते, थट्टा शिवी. सातपुड्यातल्या सभेत पावरी बोली येणारा माणूस आधीच मागून घ्या.

प्रचार थांबण्याची वेळ आपल्याकडे फसवी असते. २०२४ च्या लोकसभेला जळगाव, रावेर, नंदुरबार १३ मे ला आणि धुळे २० मे ला. शिरपूर आणि साक्री धुळे जिल्ह्यात असूनही नंदुरबार मतदारसंघात. म्हणजे शिरपुरात ११ मे च्या संध्याकाळी ६ ला भोंगे बंद, आणि त्याच जिल्ह्यात शिंदखेड्याला आठवडाभर जोर. शिंदखेड्याचं भाषण शिरपुरात मोबाईलवर लाईव्ह ऐकू येतंच, तिथे मतदान संपण्याआधी ४८ तास प्रचार बंद या नियमाची पार चाळण होते.

पिंप्राळा

स्टार प्रचारक बाहेरून येऊन बोलून गेला तर कुणाला धरायचं? उमेदवार म्हणतो मला माहीतच नव्हतं.

तापीकाठ

आयोग प्रचारबंदी घालतो, तीही तासांची. एप्रिल २०१९ ला आदित्यनाथांना ७२ तास, मायावतींना ४८. २०२४ ला तेलंगणाचे केसीआर ४८ तास, बंगालमधले भाजप उमेदवार अभिजित गंगोपाध्याय २४ तास. त्याच वर्षी २५ एप्रिलला आयोगाने पंतप्रधान आणि राहुल गांधी यांच्या भाषणांवरच्या तक्रारी थेट नड्डा आणि खर्गे या पक्षाध्यक्षांना पाठवल्या. म्हणजे नोटीस बोलणाऱ्याच्या नावाने निघालीच नाही. माझ्या मते त्यानंतर या नोटिशीचा धाक आणखी उतरला. एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ असेल तर ६ मे २०२४ च्या सूचनेप्रमाणे लक्षात आणून दिल्यापासून ३ तासांत पक्षाने तो काढायचा असतो, तेव्हा पक्षाच्या जिल्हाध्यक्षालाही प्रत द्या, वेळ टाकून.

गिरणा वकील

पिंप्राळा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर निवडणूक याचिकेत. पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी भाषणांवरूनच गेली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं, आणि भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क पुढे ६ वर्षांसाठी गेला. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ असं ठरवलं की मतदाराच्या धर्म-जातीवर मत मागणंही भ्रष्ट आचारच, म्हणजे निवड रद्द होऊ शकते असा गैरप्रकार.

पण तारखा बघा. आचारसंहिता घोषणेपासून, भ्रष्ट आचार मात्र माणूस कायद्याने उमेदवार झाल्यापासून. २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. अर्ज भरण्याआधीच्या मेळाव्यातलं कितीही भयंकर वाक्य याचिकेत भ्रष्ट आचार ठरत नाही. मुरलेले वक्ते सगळं विष त्या पंधरवड्यात ओकतात.

निकालापासून ४५ दिवस. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाला ७ जानेवारी २०२५ शेवटचा दिवस होता, उशीर माफ होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारची याचिका छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. अनामत २,००० रुपये, भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर नमुना २५ मधलं शपथपत्र, आणि प्रतिवादी जितके तितक्या प्रती, प्रत्येकीवर याचिकाकर्त्याने स्वतः "खरी प्रत" म्हणून सही केलेली. नगरपालिकेला हे काहीच लागू नाही. तिथे कायदा वेगळा, मुदत बरीच कमी आणि दार जिल्हा न्यायालयाचं.